भरून येणारा दात आणि भरावा लागणारा दात : नऊ वर्षांच्या एका मुलीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझ्या दवाखान्यात आलेल्या मुलीचे आहे. ओळख पटेल असे तपशील पालकांच्या संमतीने बदलले आहेत आणि मुलीला इथे सई म्हटले आहे. जून २०२२ मध्ये, शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात, आई, बाबा आणि आजी असे तिघेही तिला घेऊन आले. तेव्हा तिला नऊ वर्षे पूर्ण होऊन चार महिने झाले होते. दुखण्याची तक्रार नव्हती. वरच्या पुढच्या चार दातांवर हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग पडले होते आणि वर्गाच्या फोटोत ते आईच्या नजरेत भरले होते.

घर काळजी घेणारे होते, हे मी मुद्दाम नोंदवते. किडलेले दात दिसले की पालकांचे दुर्लक्ष गृहीत धरण्याची सवय आम्हा दंतवैद्यांना असते आणि इथे ती सवय चुकीची ठरली असती. वर्षभरापूर्वी घरातली साखर पूर्ण बंद झाली होती. तिच्या जागी गूळ, काकवी, खजूर आणि मध आला होता. पेस्टमध्ये रसायने असतात म्हणून तीही बंद झाली होती आणि सई झाडपाल्याच्या दंतमंजनाने दात घासत होती. बाबांनी मोबाइलवर बरेच वाचले होते. योग्य आहार घेतला तर किडलेला दात काही आठवड्यांत आतून भरून येतो, त्यासाठी ड जीवनसत्त्व वाढवावे आणि सकाळी तेलाच्या गुळण्या कराव्यात, असे त्यांचे मत झाले होते. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “मॅडम, दात नैसर्गिकपणे बरे होतात ना?”

आजींचा मुद्दा अधिक साधा होता. “हाड मोडलं तर सांधतंय की ओ डॉक्टरीणबाई, मग दात का सांधणार नाही?” हा प्रश्न मला आजही चांगला वाटतो, कारण त्याच्या उत्तरातच या प्रकरणाचा गाभा आहे.

पहिल्या तपासणीत काय दिसले

पांढऱ्या डागांबाबत आधी एक शंका दूर करणे आवश्यक होते. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या भागात, उदाहरणार्थ यवतमाळ, चंद्रपूर किंवा नांदेडच्या काही गावांत, वाढणाऱ्या मुलांच्या दातांवरही पांढरे पट्टे येतात. परंतु ते दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे आणि पसरट असतात. सईचे बालपण नदीच्या नळपाण्यावर गेले होते आणि तिचे डाग जिथे दातावर चिकट थर साचतो तिथेच, हिरडीच्या कडेने, चंद्रकोरीसारखे होते. दात हवेने वाळवले तेव्हा ते अधिक ठळक झाले. पृष्ठभागाची चमक गेलेली होती, मात्र पृष्ठभाग कुठेही तुटलेला नव्हता. कीड नुकतीच सुरू झाल्याची आणि ती चालू असल्याची ही खूण होती.

दुसरी गोष्ट कुटुंबाच्या लक्षात आलेली नव्हती. खालच्या डाव्या बाजूला, दुधाच्या दाढांच्या मागे असलेल्या पहिल्या कायम दाढेच्या खाचेत टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र होते आणि त्याच्या भोवती कवचाखालून करडी सावली दिसत होती. दातांत धरून काढतात त्या लहान एक्स-रेमध्ये कीड डेंटीनच्या, म्हणजे कवचाखालच्या थराच्या, जवळजवळ निम्म्या जाडीपर्यंत पोहोचलेली दिसली. वरून छिद्र बारीक होते, आतली पोकळी मोठी होती.

मी ती दाढ दाखवली तेव्हा आई म्हणाली, “ती दुधाची आहे ना? पडेल की.” हा गैरसमज मी जवळजवळ दर आठवड्याला ऐकते आणि त्यात पालकांचा दोष नाही. ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, ती कोणताही दात न पडता अगदी मागे उगवते, त्यामुळे ती आल्याचे घरात कोणाला कळतही नाही. आयुष्यभर चावण्याचा मोठा भार ज्या दाढांवर असतो, त्यांच्यापैकी ती एक असते आणि तिच्या जागी पुन्हा काहीही येत नाही.

आजींनी या वेळी एक दाखला दिला. सईच्या आतेभावाच्या दुधाच्या दाढेला मोठा खड्डा होता, तो काळा पडला, कडक झाला आणि पुढे कधी दुखलाच नाही. दाखला खरा होता. खड्ड्याच्या भिंती कोसळून तो उघडा झाला, त्यात अन्न अडकेनासे झाले आणि ब्रश व लाळ आतपर्यंत पोहोचू लागली की कधी कधी कीड थांबते आणि मऊ झालेला भाग कडक, काळा व चकचकीत होतो. थांबलेली कीड आणि भरून आलेला दात यांतला फरक मी आजींना त्याच वेळी स्पष्ट करून सांगायला हवा होता. मी नुसती मान डोलावली.

प्रश्न नेमका कोणता होता

“दात आपोआप बरा होतो का?” या प्रश्नाला या एकाच तोंडात दोन उत्तरे होती, आणि दोन्ही बरोबर होती.

दाताचे बाहेरचे कवच, इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत नाहीशा होतात. हाडात रक्त असते, जिवंत पेशी असतात, त्यामुळे मोडलेल्या जागी नवे हाड तयार होते. इनॅमलमध्ये यांपैकी काहीच नसते. आजींच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

तरीही इनॅमल लाळेशी सतत देवघेव करत असते. गोड किंवा पिठूळ पदार्थ खाल्ला की दातावरच्या थरातले जिवाणू काही मिनिटांत आम्ल तयार करतात. आम्लता मोजण्याचा पीएच अंक सुमारे ५.५ च्या खाली गेला की कवचातले कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडू लागते. पुढच्या अर्ध्या ते एक तासात लाळ ते आम्ल निवळवते आणि खनिज परत आत जाऊ लागते. हा हिशेब रोज अनेकदा मांडला जातो. तोटा वारंवार होऊ लागला की पृष्ठभागाची पातळ त्वचा शाबूत राहून तिच्याखालचा थर विरळ होतो, प्रकाश त्यातून वेगळ्या रीतीने विखुरतो आणि डाग पांढरा दिसतो. म्हणून अशा डागावर टोकदार हत्यार दाबून पाहू नये. ती पातळ त्वचा टिकली तर खाली खनिज पुन्हा भरण्याची शक्यता टिकते, आणि फ्लोराइड जवळ असेल तर परत बसणारे खनिज आधीपेक्षा आम्लाला अधिक दाद न देणारे असते. सईचे पुढचे चार दात या अवस्थेत होते. ते खरोखर सुधारू शकत होते, तेही भूल, यंत्र किंवा सिमेंट यांशिवाय.

दाढेचे तसे नव्हते. पृष्ठभाग एकदा तुटला की खनिजाने पुन्हा उभे राहावे असा सांगाडाच उरत नाही. छिद्राच्या आत ब्रश जात नाही, लाळ पोहोचत नाही, आणि डेंटीन इनॅमलपेक्षा सौम्य आम्लातही विरघळते. डेंटीनच्या आतल्या बाजूला, नसेच्या कडेने, जिवंत पेशी असतात आणि धोका जाणवला की त्या आतून नवा थर घालू लागतात, एवढी सोय निसर्गाने ठेवली आहे. परंतु तो थर नसेचे रक्षण करण्यासाठी असतो. बाहेरचे भोक तो बुजवत नाही, आणि कीड त्याच्यापेक्षा वेगाने आत शिरली तर तो अपुरा पडतो.

बाबांच्या वाचनातही खोटे असे थोडेच होते. १९२० आणि १९३० च्या दशकांत इंग्लंडमधल्या शेफिल्ड येथे संशोधिका मे मेलनबी यांनी मुलांच्या आहारात ड जीवनसत्त्व वाढवून त्याचा किडीवर काय परिणाम होतो ते तपासले होते आणि काही मुलांत कीड पसरणे थांबून मऊ भाग कडक झाल्याचे त्यांनी नोंदवले होते. त्या थांबण्याचेच पुढे मोबाइलवर “भरून येणे” झाले. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधला २०१७ चा प्रयोगही बाबांना ठाऊक होता. त्यात टायडेग्लुसिब नावाच्या औषधात भिजवलेला बारीक स्पंज उंदरांच्या दातांना पाडलेल्या भोकांत ठेवला होता आणि तिथे डेंटीन तयार झाले होते. प्रयोग महत्त्वाचा आहे. मात्र तो उंदरांवर होता, भोक प्रयोगशाळेत पाडलेले स्वच्छ भोक होते, वरून ते सिमेंटने बंद केलेले होते आणि तयार झाले ते डेंटीन होते, इनॅमल नव्हे.

समोर असलेले पर्याय

पुढच्या दातांबाबत फारसा प्रश्न नव्हता. फ्लोराइडचे वार्निश, म्हणजे ब्रशने लावायचा लेप, लावणे, पेस्ट बदलणे, खाण्याच्या वेळा सुधारणे आणि दर तीन महिन्यांनी पाहणे एवढे पुरेसे होते.

दाढेसाठी तीन मार्ग होते. पहिला, त्याच दिवशी किंवा लगेचच्या दिवसांत मऊ कीड काढून दाढ भरणे. दुसरा, छिद्राचे तोंड ग्लास आयनोमर सिमेंटने तात्पुरते बंद करून कायमची भरणी नंतर करणे. तिसरा, सिल्व्हर डायमीन फ्लोराइड हे द्रव औषध लावून कीड थांबवण्याचा प्रयत्न करणे. हे औषध स्वस्त आणि वेदनारहित आहे व जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २०२१ पासून आहे. त्याने किडलेला भाग कायमचा काळा पडतो आणि पोकळी तशीच राहते. बारीक तोंडाच्या खोल पोकळीत ते तळापर्यंत पोहोचेल याचीही खात्री नव्हती.

कुटुंबाच्या मनात चौथा पर्याय होता, तो म्हणजे वाट पाहण्याचा. बाबांनी तो स्पष्ट शब्दांत मांडला नाही. “आधी आहाराने काय फरक पडतो ते पाहू या का?” एवढेच ते म्हणाले.

पहिला निर्णय

मी दाढ भरण्याचा सल्ला दिला आणि दोन आठवड्यांनंतरची वेळ दिली. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती, मूल पहिल्यांदाच खुर्चीत बसले होते, आणि पहिल्या भेटीत यंत्र न लावणे मुलाच्या मनासाठी बरे असते, असा विचार मी केला. सगळ्या दातांवर फ्लोराइडचे वार्निश लावले, तीन दिवसांच्या खाण्याची वही भरायला दिली आणि वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट दिवसातून दोनदा वापरायला सांगितले. आपल्याकडे पेस्टमधल्या फ्लोराइडला दशलक्ष भागांत १००० भाग ही वरची मर्यादा आहे, आणि साधारण तेवढे प्रमाण असलेली पेस्ट निवडावी, वेष्टनावर ते छापलेले असते, हेही सांगितले.

निघताना बाबांनी पुन्हा विचारले, तेव्हा पुढच्या दातांकडे बोट दाखवत मी म्हटले, “हो, हे दात सुधारतील. पृष्ठभाग शाबूत आहे, भरून येईल.”

या वाक्याकडे मी आता निराळ्या नजरेने पाहते. आपल्या भाषेत जखम भरून येते आणि दात भरला जातो. क्रियापद एकच, अर्थ उलट. पहिल्यात शरीर काम करते, दुसऱ्यात दंतवैद्य. त्यातच मी वार्निशचा एकच ब्रश पुढच्या दातांवरही फिरवला होता आणि दाढेवरही. पाहणाऱ्याला सगळ्या दातांवर एकच औषध, एकच उपचार, असे दिसणे स्वाभाविक होते. आईने पुढे मला नेमके हेच सांगितले.

मधले सात महिने

दोन आठवड्यांनंतरच्या वेळेला कुटुंब आले नाही. आमच्याकडून एक फोन गेला, तो लागला नाही, आणि पुढे फोन झाला नाही. त्या काळात काय घडले ते मला नंतर कळले आणि त्यातली प्रत्येक पायरी त्यांच्या जागी उभे राहून पाहिली तर समजण्यासारखी आहे.

पेस्ट सुरू झाली. सप्टेंबरपर्यंत पुढच्या दातांवरचे डाग फिके झाल्याचे आईला दिसले. घरात समाधान झाले, कारण सांगितले होते तसेच घडत होते. गणपतीनंतर सईला मोदक, चिक्की असे काही खाताना डावीकडे कळ येऊ लागली. आजींनी लवंगेचे तेल लावले. लवंगेतल्या युजेनॉलने नस काही काळ बधिर होते, त्यामुळे आराम पडला. दिवाळीपर्यंत कळ बंद झाली. दुखणे थांबले म्हणजे दात बरा झाला, असा निष्कर्ष सगळ्यांनी काढला.

वस्तुतः सईने डावीकडून चावणे सोडून दिले होते. ते तिने कोणाला सांगितले नाही, कदाचित तिच्याही लक्षात आले नसेल. दुसऱ्या भेटीत तोंड उघडताच ते मला दिसले. उजवीकडचे दात तुलनेने स्वच्छ होते आणि डावीकडच्या दातांवर जाड थर होता. ज्या बाजूने चावले जात नाही, ती बाजू अशीच माखलेली राहते. दाढेत घास अडकणे थांबले, म्हणून कळ थांबली होती.

दुसरी भेट

जानेवारी २०२३ मध्ये एका सकाळी सईला घेऊन बाबा आणि आजी आले. तीन रात्री ती झोपली नव्हती. गरम दुधाने ठणका वाढत होता आणि आडवे झाले की सहन होत नव्हते. छिद्राभोवतीचे कवच चावताना कोसळले होते. आदल्या रात्री आजींनी हिरडीला चिमूटभर मशेरी चोळली होती. त्या स्वतः अनेक वर्षे मशेरी लावत होत्या आणि नातीचे दुखणे त्यांना पाहवले नव्हते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच असल्याने तिचा एक कणही मुलाच्या तोंडात जाऊ नये, हे मी त्यांना बाजूला नेऊन आणि हात धरून सांगितले. त्यांना रडू आले. रागावण्याचे काही कारणच नव्हते.

एक्स-रेमध्ये कीड नसेपर्यंत गेलेली होती. मुळांच्या टोकांशी हाड मात्र निरोगी दिसत होते, सूज किंवा पू नव्हता, आणि मुळांची टोके अजून पूर्ण बंद झालेली नव्हती. या वयात ती बंद होण्याच्या बेतात असतात.

इथे पुन्हा तीन मार्ग होते आणि या वेळी प्रत्येक मार्ग मी कागदावर चित्र काढून समजावला.

दाढ काढणे हा पहिला मार्ग होता. नातेवाइकांचा आग्रह त्याचाच होता आणि तो वेडगळ नव्हता. आठ ते दहा वर्षांच्या सुमारास पहिली दाढ काढली तर तिच्या मागची दाढ पुढे सरकून जागा बऱ्यापैकी भरून काढू शकते, आणि दाढ वाचण्यासारखी नसेल तेव्हा आम्ही कधी कधी हा मार्ग घेतोही. खालच्या जबड्यात मात्र ती जागा वरच्याइतकी नीट भरत नाही, आणि सईची दाढ अजून वाचवता येण्यासारखी होती.

पूर्ण रूट कॅनल हा दुसरा मार्ग. मुळांची टोके उघडी असताना नस पूर्ण काढली तर मुळाची वाढ जिथल्या तिथे थांबते, भिंती पातळ राहतात आणि पुढे मूळ तडकण्याचा धोका राहतो.

तिसरा मार्ग म्हणजे दाताच्या माथ्यातली सुजलेली नस काढून मुळांतली जिवंत ठेवणे. त्यावर कॅल्शियम सिलिकेटचे सिमेंट घालायचे आणि वरून दात घट्ट बंद करायचा. रात्रीचा ठणका असला तरी मुळांतली नस निरोगी असू शकते, हे गेल्या काही वर्षांत पुष्कळ स्पष्ट झाले आहे. ती निरोगी आहे की नाही हे खुर्चीवरच, रक्त किती वेळात थांबते यावरून ठरते. थांबले नाही तर रूट कॅनलकडे वळावे लागेल, हे बाबांना आधीच सांगून त्यांची संमती घेतली.

काय केले

भूल देऊन, दाताभोवती रबराचे आवरण लावून माथ्यातली नस काढली. सोडियम हायपोक्लोराइटमध्ये भिजवलेला कापूस दाबून धरल्यावर पाच मिनिटांच्या आत तिन्ही तोंडांतले रक्त थांबले. मुळांतली नस लालसर आणि टवटवीत दिसत होती. तिच्यावर सिमेंट घातले, त्यावर ग्लास आयनोमरचा थर दिला आणि दोन आठवड्यांनी स्टीलची टोपी बसवली. उरलेल्या तीन पहिल्या दाढा निरोगी होत्या, त्यांच्या खाचा सीलंटने बंद केल्या. हे काम जूनमध्येच व्हायला हवे होते.

त्यानंतर खाण्याची वही उघडली. जूनमध्ये दिलेली ती वही आईने प्रामाणिकपणे भरून ठेवली होती आणि ती मला दाखवायचीच राहिली होती. त्यात साखर कुठेच नव्हती. सकाळी मध घातलेले दूध, डब्यात गूळ-शेंगदाण्याचा लाडू, दुपारी खजूर, शाळेतून आल्यावर गूळपोळी किंवा काकवी-भाकरी, खेळून आल्यावर चिक्की, आणि झोपताना पुन्हा मधाचे दूध, असे दिवसातून सहा-सात वेळा गोड होते. गूळ हाही मुख्यतः उसाचीच साखर असतो. त्यात लोह आणि इतर खनिजे असतात म्हणून तो शरीराला बरा असेल, पण दातावरचे जिवाणू साखर आणि गूळ यांत फरक करत नाहीत, आणि चिकटपणामुळे तो अधिक वेळ दाताला धरून राहतो. ऊस आणि गुऱ्हाळे यांच्या मुलखात हे सांगणे सोपे नसते. आजींना ते आधी पटले नाही. मी गूळ बंद करायला सांगितला नाही. किती खाल्ला यापेक्षा किती वेळा खाल्ला हे दाताला महत्त्वाचे असते, हे सांगितले, आणि गूळ दोन्ही जेवणांबरोबरच द्यावा, मधल्या वेळी फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, काकडी किंवा ताक द्यावे, झोपताना घासल्यावर काहीही देऊ नये, असे ठरवले. वेळापत्रक आजींनीच सांगितले आणि मी ते लिहून घेतले. माझ्या मते ते टिकले याचे कारण तेच आहे.

पेस्टबाबतही एक अडचण निघाली. घासल्यावर सई तीन-चार वेळा भरपूर पाण्याने चूळ भरत होती, कारण आपल्या घरात तीच स्वच्छतेची पद्धत आहे. त्यामुळे फ्लोराइड दातावर थांबतच नव्हते. फेस नुसता थुंकून टाकायचा आणि अगदीच नको वाटले तर एक घोट पाण्याची एकच चूळ भरायची, अशी तडजोड झाली.

परिणाम

दुखणे दुसऱ्या दिवशीच गेले. जुलै २०२३ च्या एक्स-रेमध्ये मुळांची टोके बंद होत आलेली दिसली, जानेवारी २०२४ मध्ये ती पूर्ण बंद झाली होती, आणि सिमेंटखाली नसेच्या तोंडाशी नव्या कठीण थराची रेघ दिसत होती. शरीराने स्वतः घातलेला तो थर मी बाबांना एक्स-रेवर बोटाने दाखवला. नैसर्गिकपणे बरे होणे त्यांना पाहायचे होते, आणि या दातात ते झाले होते, जंतू बाहेर काढून दार घट्ट लावल्यानंतर.

पुढच्या चार दातांपैकी दोन दातांचे डाग जवळजवळ दिसेनासे झाले. तिसऱ्यावर पांढरी रेघ उरली, मात्र ती गुळगुळीत आणि चमकदार आहे, म्हणजे कीड थांबली आहे आणि राहिली आहे ती फक्त खूण. आईला ती अजूनही खटकते. त्यावर रेझिनचा उपाय करता येतो, तो सईला मोठेपणी हवा असेल तर तिने ठरवावा, असे आम्ही ठरवले. चौथ्या दातावर डागाच्या मधोमध बारीक खड्डा पडला होता, तो भरावा लागला. पहिल्या भेटीत चारही दात सारखे दिसत होते. मी चारही सुधारतील असे सांगितले होते आणि तीनच सुधारले.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी चूक जूनमधल्या त्या पंधरा मिनिटांची आहे. छिद्राचे तोंड ग्लास आयनोमरने त्याच दिवशी बंद केले असते, तर कुटुंब सात महिने आले नसते तरी कीड इतकी आत गेली नसती असे मला वाटते. त्याला भूल लागली नसती, यंत्रही फारसे लागले नसते. पहिल्या भेटीत मुलाला यंत्र दाखवू नये हा नियम चांगला आहे, पण काहीच करू नये असा त्याचा अर्थ मी लावला.

दुसरी चूक भाषेची. आता मी दातांचे चित्र छापलेला कागद वापरते आणि प्रत्येक दातावर दोनच शब्दांपैकी एक लिहिते : “सुधारेल” किंवा “भरायचा”. खाली तारीख लिहिते आणि कागद घरी देते. “भरून येईल” हे शब्द दवाखान्यात वापरणे मी सोडले आहे. वार्निश लावताना, भरायच्या दाताला ते पुरेसे नाही, हे त्या क्षणी मोठ्याने सांगते.

तिसरी गोष्ट, दुखण्याचा अर्थ आधीच सांगून ठेवायला हवा होता. कीड असलेल्या दाताचे दुखणे औषधाशिवाय थांबले तर उलट लवकर या, हे वाक्य मी तेव्हा उच्चारले असते तर दिवाळीत ते कदाचित आले असते. फोन एकदाच करून थांबलो, हेही चुकलेच. आता भरणी राहिलेल्या मुलांची वेगळी वही आहे आणि तीन फोन झाल्याशिवाय नाव खोडले जात नाही.

आजींना मी पहिल्या भेटीत श्रोता समजले, हे मला अधिक लागते. घरातले खाणे त्यांच्या हातात होते आणि मूल दुखण्याने उठले तर ते त्यांच्याच कुशीत जात होते. हाडाच्या प्रश्नाला तेव्हाच नीट उत्तर दिले असते, तर पुढचे बरेचसे टळले असते.

कुटुंबाने काय वेगळे करायचे होते, हे सांगण्याचा मला फारसा अधिकार वाटत नाही. त्यांनी माझे म्हणणे ऐकले होते, जसे मी ते म्हटले होते तसेच.

सध्याची स्थिती

शेवटची तपासणी नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली. दाढ शांत आहे, टोपी घट्ट आहे, आणि वाढ पूर्ण झाल्यावर तिच्या जागी कायमची टोपी (क्राउन) बसवायची आहे. मागची दुसरी दाढ हिरडीतून डोकावू लागली आहे. ती पूर्ण वर आली की तिच्या खाचा सीलंटने बंद करायच्या आहेत. जपानमध्ये नवे दात उगवण्याच्या औषधाची चाचणी सुरू झाल्याची बातमी बाबांनी या वेळी आणली होती. क्योतोमध्ये ती २०२४ मध्ये सुरू झाली होती, हे खरे आहे. ती किमान एक दाढ नसलेल्या प्रौढ पुरुषांवर होती, आधी औषध सुरक्षित आहे का ते पाहिले जात होते, आणि किडलेला दात भरून आणण्याशी तिचा संबंध नव्हता. हे सगळे मी सांगण्याआधीच त्यांनी वाचलेले होते.

त्या दिवशी आजींनी सईच्या धाकट्या भावालाही आणले होते. तो सहा वर्षांचा आहे, आणि अगदी मागे, हिरडीच्या पाळीखाली, त्याच्या दाढेचा पांढरा कोपरा दिसू लागला आहे. आजींनी स्वतःच्या बोटाने त्याचा गाल बाजूला धरून मला ती जागा दाखवली आणि विचारले, “ही न पडणारी, नव्हं?”